झोपेचा बँड घ्यावा की झोपेची वही? सोलापूरकरांसाठी परीक्षण

सकाळी साडेसहाला मनगटावरचा बँड सांगतो, "७ तास २० मिनिटं झोप, गुण ७९." आणि अकरा वाजता दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळे मिटायला लागतात. बँड वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. आकडा चांगला, अंग मात्र जड.

हे परीक्षण तीन गोष्टींचं आहे. एक, दोन ते चार हजारांत मिळणारा साधा मनगटी बँड. दुसरी, नव्या पेठेत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती शंभर पानी वही. तिसरी गोष्ट विकत मिळत नाही: रोज सकाळी "किती वाजता उठलास?" असं विचारणारं एक माणूस. माझं मत आधीच सांगून टाकतो. आधी वही, तिच्यासोबत माणूस, आणि बँड सगळ्यात शेवटी, तोही सरसकट सगळ्यांना नाही. असं का, ते खाली सविस्तर.

बँड नक्की काय मोजतो

झोप लागली की नाही, हे खरं तर मेंदूच्या लहरींवरून ठरतं. पॉलिसोम्नोग्राफी नावाच्या तपासणीत डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा लावतात. त्यातून लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण असं तिन्ही कळतं, आणि त्यावरून झोपेचे टप्पे ठरवतात. मनगटावरच्या बँडकडे यातलं काहीच नसतं. त्याच्या पोटात हालचाल टिपणारी चिप असते आणि खालच्या बाजूला हिरवा प्रकाश टाकणारे दिवे, जे त्वचेखालच्या रक्ताच्या लाटेवरून नाडी मोजतात. हात हलत नाही, नाडी मंदावली, म्हणजे माणूस झोपला असणार, असा त्याचा हिशेब.

ज्याला पडल्या पडल्या झोप लागते त्याच्या बाबतीत हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. किती वाजता आडवा झाला, किती वाजता उठला, एकूण तास किती, एवढं ठीक येतं. पण ज्याला झोप लागत नाही, जो छताकडे बघत पाऊण तास निपचित पडून राहतो, त्याचा तो पाऊण तासही बँड झोपेतच धरतो. म्हणजे ज्याला झोपेचा त्रास आहे, नेमकं त्याच्याच बाबतीत साधन चुकतं, आणि चुकतं तेही गोड बाजूला. गाढ झोप १ तास १२ मिनिटं, स्वप्नांची झोप १ तास ४० मिनिटं वगैरे जे रंगीत पट्टे दिसतात, ते तर अंदाजावरचा अंदाज. त्या पट्ट्यांवरून काहीही निर्णय घेऊ नका. कालच्यापेक्षा गाढ झोप वीस मिनिटं कमी दिसली म्हणून दिवसभर हळहळ करण्यात काही अर्थ नाही.

या हळहळीला नावसुद्धा आहे. आकडे सुधारण्याच्या काळजीनेच झोप बिघडते, अशा रुग्णांबद्दल २०१७ साली अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी लिहिलं आणि त्या अवस्थेला 'ऑर्थोसोम्निया' म्हटलं. तुम्ही रात्री दोनला जाग आल्यावर मनगट डोळ्यांपुढे धरून किती झोप झाली ते बघत असाल, तर बँड आजच काढून ठेवा. हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला आहे.

तरीही वापरायचा असेल तर नीट वापरा. ज्या हाताने लिहिता त्याच्या दुसऱ्या हाताला बांधा आणि ॲपमध्ये तोच हात निवडा. पट्टा मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर हवा. खाली करंगळीचं टोक जेमतेम जाईल इतका घट्ट. सैल असला तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि नाडीचे आकडे उड्या मारतात. रात्री दहा ते सकाळी सहा सगळ्या सूचना बंद ठेवा, नाहीतर झोप मोजणारं यंत्रच झोप मोडतं. रक्तातला ऑक्सिजन सतत मोजण्याची सोय असेल तर ती बंद करा. बॅटरी खाते, आणि या किमतीच्या बँडचा तो आकडा औषधोपचारासाठी धरण्यालायक नसतो. चार्जिंग संध्याकाळच्या अंघोळीच्या वेळी करायचं. रात्री करू म्हटलं की आठवड्यातल्या दोन रात्री हमखास कोऱ्या जातात.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात आणखी एक अडचण येते. पारा चाळिशीच्या वर, रात्री उशिरापर्यंत भिंती तापलेल्या, आणि सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम साचलेला. चार-पाच दिवसांत तिथे लाल चट्टा उठतो. बरेच जण त्याला ॲलर्जी समजतात. बहुतेक वेळा तो घाम आणि साबण अडकून झालेला त्रास असतो. पट्टा रोज साध्या पाण्याने धुवा, मनगट आणि पट्टा दोन्ही पूर्ण कोरडे करूनच बांधा, दिवसातून दोन-तीन तास हात मोकळा ठेवा. जाळीच्या कापडाचा पट्टा मिळाला तर तोच घ्या. चट्टा तरीही हटला नाही तर बँड बंद.

पूर्व भागातल्या यंत्रमागांवर किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी तर खरेदीआधी एक गोष्ट दुकानातच विचारावी: दिवसा घेतलेली झोप हा बँड धरतो का? बरेच स्वस्त बँड रात्रीच्याच वेळात झोप शोधतात. सकाळी आठ ते दुपारी एक घेतलेली झोप ते एकतर टिपतच नाहीत किंवा 'डुलकी' म्हणून बाजूला टाकतात. ज्याला झोपेची सगळ्यात जास्त ओढाताण, त्याच्याच आकड्यांना अर्थ राहत नाही.

वही: आखणी, नोंद आणि हिशेब

झोपेच्या दवाखान्यांत झोपेचा त्रास तपासताना आजही आधी नोंदवहीच मागतात. तज्ज्ञांनी मिळून ठरवलेला तिचा एक सर्वमान्य नमुना २०१२ साली प्रसिद्ध झाला. तो घरच्या घरी आखता येतो.

एकरेघी शंभर पानी वही घ्या. समोरासमोरची दोन पानं मिळून चौदा दिवस बसवा आणि दहा रकाने आखा: वार, अंथरुणात किती वाजता शिरलो, झोप लागायला अंदाजे किती मिनिटं, मध्ये किती वेळा जाग आणि एकूण किती मिनिटं, शेवटची जाग, प्रत्यक्ष उठलो कधी, दिवसाची झोप (किती वाजता आणि किती वेळ), शेवटचा चहा-कॉफी, झोपेचा दर्जा १ ते ५, आणि टीप. यातला चहाचा आणि दिवसाच्या झोपेचा रकाना संध्याकाळी भरायचा, बाकी सगळं सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात. वही चहाच्या डब्याशेजारी ठेवली की विसर पडत नाही. उशाशी मात्र ठेवू नका, रात्री लिहायचा मोह होतो.

रात्री घड्याळ बघायचं नाही, हा वहीचा पहिला नियम. मिनिटं अंदाजानेच लिहायची. "मग ते चुकीचं नाही का होणार?" असं विचारतात. होतं, थोडंफार होतं. पण चौदा दिवसांच्या अंदाजांतून जे चित्र उभं राहतं ते पुरेसं खरं असतं. घड्याळ बघून मिळवलेला नेमकेपणा महाग पडतो, कारण "अरे, तीन वाजले" हा विचारच पुढची झोप पळवतो.

भरलेली एक ओळ अशी दिसते:

मंगळ। १०:३०। ५० मि.। २ वेळा, ४० मि.। ५:४५। ६:३०। दु. २:००, २० मि.। सं. ६:१५। २। नळाला पाणी आलं

आता हिशेब. साडेदहा ते साडेसहा म्हणजे अंथरुणात ४८० मिनिटं. त्यातून झोप लागण्याआधीची ५०, मधली ४० आणि पावणेसहानंतर नुसतं लोळण्याची ४५, अशी १३५ वजा केली. उरली ३४५, म्हणजे ५ तास ४५ मिनिटं. ३४५ भागिले ४८०, म्हणजे ७२ टक्के. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. ८५ टक्क्यांच्या वर असली की ठीक समजतात. आता सुरुवातीचा बँडचा आकडा आठवा. पाणी भरायला उठलेली ४० मिनिटं त्याने जागेपणात धरली, कारण हात हलत होते. निपचित पडून काढलेली ९५ मिनिटं त्याने झोपेत टाकली. ४८० वजा ४०, झाले ७ तास २० मिनिटं. एकाच रात्रीची दोन उत्तरं, आणि गल्ल्यावर डोळे का मिटतात हे वहीच सांगते.

चौदा दिवस भरल्यावर सरासरी काढा. सरासरी झोप पावणेसहा तास आणि अंथरुणातला वेळ आठ तास असेल, तर उपाय बहुतेकांना उलटा वाटतो: लवकर पडू नका, उशिरा पडा. उठायची वेळ कायम करा, समजा सहा. अंथरुणात शिरायची वेळ बारा. आठवडाभर रोज, रविवारीसुद्धा. दिवसभर जागं राहिलं की झोपेचा दाब साचत जातो आणि रात्री तो झोप ओढून आणतो. आठ तास अंथरुणात पसरलेली पातळ झोप सहा तासांत दाट होते. आठवड्याची कार्यक्षमता ८५ च्या वर गेली की पंधरा मिनिटं आधी पडा, पावणेबारा. पुढच्या आठवड्यात पुन्हा हिशेब. ही पद्धत आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली मांडली, आणि औषधाशिवायच्या उपचारांत ती आजही वापरतात.

हे करताना लोक जिथे अडकतात ती जागा म्हणजे पहिला आठवडा. दिवसा झोप जास्त येते, चिडचिड होते, आणि चौथ्या दिवशी "हे काही आपल्याला मानवत नाही" म्हणून साडेनऊला अंथरूण गाठलं जातं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर रात्री पटकन झोप लागू लागते, तोवर धीर धरावा लागतो. मात्र साडेपाच तासांच्या खाली स्वतःहून जाऊ नका. फिट्सचा त्रास, बायपोलर आजार, गरोदरपण, झोपेत श्वास अडकणं यांपैकी काही असेल, किंवा काम चालत्या यंत्रावरचं अथवा गाडी चालवण्याचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पद्धत अजिबात करू नका.

दुसरा नियम रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ पासूनचा: साधारण पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही, असं वाटलं की अंथरूण सोडा, आणि डोळे जडावल्यावरच परत या. अंथरुणाची आणि तळमळीची सांगड तोडायची असते. दोन खोल्यांच्या घरात, जिथे सगळे ओळीने झोपतात, तिथे "दुसऱ्या खोलीत जा" हा पुस्तकी सल्ला चालत नाही. ओट्यावर किंवा दाराजवळ एक खुर्ची संध्याकाळीच लावून ठेवा. मंद उजेड, मोबाइल नाही. पालेभाजी निवडणं, शेंगा सोलणं, जुनं मासिक चाळणं, जे कंटाळवाणं असेल ते करा.

टिपेचा रकाना

सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात कामाचा रकाना हाच. दोन आठवड्यांत तो तुमच्या घराचं गुपित सांगतो. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि वेळ रात्रीची असली तर घरातलं एक माणूस दर पाळीला जागं. बहुतेक घरांत ते एक माणूस ठरलेलंच असतं, आणि बहुतेक घरांत ती घरची बाई असते. वहीत "पाणी" हा शब्द दर काही ओळींनी दिसला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दर्जा २, की गोष्ट उघड होते. उपाय साधे आहेत. हौदाला तरंगता कॉक बसवला की हौद भरल्यावर पाणी आपोआप थांबतं, वाहून जाईल म्हणून कुणी जागं राहावं लागत नाही. हौद नसेल तर पाळी लावा: या वेळी आई, पुढच्या वेळी मुलगा, त्यानंतर बाबा. ज्याची पाळी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी वीस मिनिटांची हक्काची डुलकी. वीसच, कारण त्याहून लांबली की गाढ झोपेतून उठल्यावर तासभर डोकं जड राहतं; आणि तीनच्या आत, नाहीतर रात्रीची झोप ढकलली जाते.

दुसरा शब्द "उकाडा". झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मे महिन्यात स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता ओकत असतो, त्यामुळे वरच्या मजल्यावर ते उतरतच नाही. इथली हवा कोरडी, म्हणून कूलर उत्तम चालतो, पण एका अटीवर: समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. खोली बंद करून कूलर लावला की हवा दमट होते आणि तासाभरात चिकचिक सुरू होते. पंखा सुरू करण्याआधी दहा मिनिटं नुसता पंप चालवून ताट्या भिजवा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पंप बंद, फक्त हवा. गच्चीला मार्चमध्येच पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तर खालची खोली जाणवण्याइतकी कमी तापते, आणि संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची वेळ येत नाही. पाण्याची इथली स्थिती बघता तेच बरं. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. थंड पाण्याने तात्पुरतं बरं वाटतं. कोमट पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर पडते.

फोमची गादी उष्णता धरून ठेवते. तिच्यावर जुनी, धुऊन मऊ झालेली सोलापुरी चादर दुहेरी अंथरा. जाड सुती विण घाम टिपते आणि पाठ फोमला चिकटत नाही. चाटी गल्लीत घेताना हाताला जड आणि पूर्ण सुती आहे ना ते बघा. मिश्र धाग्याची चादर स्वस्त पडते, पण घाम शोषत नाही.

तिसरा शब्द चहा. कॅफिन मेंदूतल्या झोपेच्या दाबाचा निरोप अडवून धरतं. शरीरातलं अर्धं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. सव्वासहाच्या चहाचं अर्धं कॅफिन सव्वाअकराला अंगात शिल्लक असतं. शेवटचा चहा चारला ठेवून दहा दिवस बघा आणि 'झोप लागायला' हा रकाना आधीच्या दहा दिवसांशी ताडा. फरक पडला नाही तर खुशाल प्या, तुमचा अडसर दुसरा आहे. वहीचं मोल यातच आहे: दुसऱ्याचा नियम डोळे झाकून पाळण्याऐवजी तुमच्या शरीराचा नियम तुम्हाला सापडतो.

वहीत काय बिघडतं? सगळ्यात जास्त बिघडते ती रविवारी बसून आठ दिवसांची एकदम भरलेली वही. ती कोऱ्या वहीहून वाईट, कारण तिच्यावर विश्वास बसतो. तीन दिवसांपूर्वीची रात्र कुणालाच आठवत नाही; हात आपोआप "१०:३०, ठीक" लिहीत जातो. दिवस चुकला तर रकाना रिकामा सोडा. चौदांपैकी दहा खरे दिवस पुरतात. दुसरी चूक म्हणजे दर्जाच्या रकान्यात रोज ३. दर्जा देताना एकच प्रश्न विचारा: आज गजराशिवाय याच वेळी उठलो असतो का?

विचारणारं माणूस

वही साधारण नवव्या-दहाव्या दिवशी बंद पडते. नवेपणा ओसरतो आणि परिणाम अजून दिसलेला नसतो. इथे तिसरं साधन लागतं. ज्याला रोज सकाळी दोन ओळी पाठवायच्या आहेत, असा एक माणूस असला की वही चालू राहते.

काय पाठवायचं ते महत्त्वाचं. झोप किती लागली, हे कळवायचं नाही, कारण झोप हुकमाने येत नाही. जे आपल्या हातात आहे तेवढंच कळवायचं: उठलो कधी, शेवटचा चहा कधी, वही भरली का. निरोप असा:

"अण्णा, ६:०५ ला उठलो. चहा ४:१०. वही भरली."

उत्तर "बरं" एवढंच. आठ वाजेपर्यंत निरोप आला नाही तर समोरून एकच ओळ: "आजचं कळलं नाही रे." त्याहून जास्त नको. रविवारी पंधरा मिनिटं भेटायचं, मग तो कंबर तलावाचा फेरा असो नाहीतर कोपऱ्यावरचा कट्टा. वही उघडून तीन प्रश्न: या आठवड्यात कुठली रात्र सगळ्यात वाईट गेली, तिच्या टिपेत काय लिहिलंय, पुढच्या आठवड्यात कुठली एकच गोष्ट बदलायची. एकच. चहा, मोबाइल, जेवण, व्यायाम एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

माणूस निवडताना, जो उपदेश करतो त्याला टाळा. "तुला सांगितलं होतं ना" हे वाक्य दोनदा ऐकलं की माणूस खोटं लिहायला लागतो, आणि खोट्या वहीचा उपयोग शून्य. नवरा-बायकोने एकमेकांचे मुकादम होऊ नये, असंही माझं स्पष्ट मत आहे. झोपेचा विषय घरातल्या दुसऱ्या पन्नास विषयांत मिसळतो. जोडीदाराचं काम वेगळं: घोरणं, दचकणं, श्वास थांबणं हे त्यालाच दिसतं, आणि ते टिपेत त्याच्या हाताने लिहिलेलं असावं. दंडाची पद्धतही नको. उशिरा उठल्यास पन्नास रुपये, हे ऐकायला मजेशीर वाटतं, पण त्या पन्नास रुपयांची धास्ती रात्री अंथरुणात सोबतीला येते.

अभ्यासिका आणि रात्रपाळी

स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना चौदा दिवस रोज फक्त सहा तास अंथरुणात राहू दिलं. त्यांची लक्ष देण्याची क्षमता दिवसागणिक घसरत गेली, आणि शेवटी अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतकी झाली. त्यातली खरी धोक्याची गोष्ट पुढे आहे: आपण घसरलोय, हे त्यांना स्वतःला फारसं जाणवत नव्हतं. काही दिवसांनी "सवय झाली" असं वाटतं, पण ती सवय नसते, जाणीव बोथट झालेली असते. अभ्यासिकेत रात्री एकपर्यंत बसणाऱ्यांनी वहीत एक जादा रकाना आखावा: सकाळच्या पहिल्या तासात सोडवलेल्या वीस प्रश्नांपैकी किती बरोबर. झोपेचे तास आणि हा आकडा शेजारी शेजारी दिसले की कुणी समजावून सांगावं लागत नाही.

रात्रपाळीवाल्यांना मोठा प्रश्न परतीच्या रस्त्याचा. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं २००० सालच्या एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवताना मद्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पाळीला जाण्याआधी दीड तास झोप, पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच चहा, परतताना गडद चष्मा, घरी आल्यावर काहीतरी हलकं खाऊन लगेच अंधाऱ्या खोलीत. खिडकीला काळं कापड दुहेरी लावा. नुसत्या पडद्याने सोलापूरचं नऊचं ऊन अडत नाही. वहीत अंथरुणाच्या वेळेऐवजी 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' असे दोन रकाने करा. चोवीस तासांची बेरीज सातच्या आसपास आली की चालतं. घरच्यांना ही बेरीज दाखवा, म्हणजे दुपारी बाराला "अजून लोळतोय" म्हणून कुणी उठवणार नाही.

कुणी काय घ्यावं

वहीला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण यासाठी कापला, की लिहायचा कंटाळा असलेल्याकडे ती टिकत नाही. बँडला अडीच. ज्याची झोप मुळात चांगली आहे, पण पडायची-उठायची वेळ रोज वेगळी आहे, त्याला तो उपयोगी. महिन्याचा आलेख बघून शनिवार-रविवारचा दोन तासांचा घसरा लगेच डोळ्यांत भरतो. तीन महिन्यांहून जास्त काळ झोप न लागण्याचा त्रास असलेल्याने तो घेऊच नये. विचारणाऱ्या माणसाला गुण देता येत नाहीत, पण त्याच्याशिवाय वरच्या दोन्ही गोष्टी महिनाभरात कपाटात जातात.

आणि काहींनी यातलं काहीच विकत घेऊ नये. जोराचं घोरणं, मध्येच श्वास थांबून धापेने जाग, सकाळी डोकं दुखणं, वाढलेला रक्तदाब, जाड मान, दिवसा बसल्या जागी झोप: यातल्या दोन-तीन गोष्टी जुळत असतील तर झोपेत श्वास अडकण्याची शंका घ्यायला हवी. ते वहीने बरं होत नाही आणि साध्या बँडने नक्की कळतही नाही. एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची प्रश्नावली आहे: वाचताना, टीव्ही बघताना, एसटीत बसल्यावर, दुपारी जेवणानंतर डुलकी लागण्याची शक्यता किती, प्रत्येकी ० ते ३. बेरीज १० च्या वर गेली की छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि झोपेच्या तपासणीबद्दल विचारा. मन खचलं असेल, रात्री नको ते विचार येत असतील, तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं. डॉक्टरकडे जाताना वहीची भरलेली चौदा दिवसांची पानं सोबत न्या, आणि शेजारी झोपणाऱ्या माणसालाही.